पाया खोदताना निघालेलं तांबं

ठाण्याच्या मध्यवर्ती कारागृहाबाहेर सकाळी पिशव्या घेऊन उभ्या असलेल्या नातेवाइकांना ही भिंत किल्ल्याची आहे, याच्याशी काय देणंघेणं! पोर्तुगिजांनी १७३० मध्ये हा किल्ला बांधायला घेतला. १७३७ मध्ये तो मराठ्यांनी जिंकला, आणि १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांकडे गेला. त्रिंबकजी डेंगळे १८१६ मध्ये इथूनच निसटले, तर १९१० मध्ये अनंत कान्हेरे इथेच फासावर गेले. हे ठाणेकरांना थोडंफार ठाऊक असतं. ताम्रपटाची गोष्ट मात्र फारशी कुणी सांगत नाही.

१७८७ मध्ये किल्ल्यात नव्या बांधकामासाठी पाया खोदत असताना मातीतून तांब्याचे कोरीव पत्रे निघाले. असले पत्रे पहिल्या नजरेला भंगारच वाटतात. हिरवा कळंक चढलेला, आणि बहुधा पहिल्या-शेवटच्या पत्र्याची बाहेरची बाजू कोरी, कारण अक्षरं घासू नयेत म्हणून मजकूर आतल्या अंगाला कोरायची रीत. पण जाणता माणूस आधी कडा बघतो. त्या किंचित वर उचललेल्या असतात, त्याही अक्षरं जपण्यासाठीच. मग पत्र्यांतून ओवलेली कडी, आणि कडीवरची मुद्रा. गरुड दिसला, तर शिलाहारांचं नाव ओठांवर यायला हरकत नाही. मजकुरात ‘तगरपुरपरमेश्वर’ भेटलं, की शंका उरत नाही. तगर म्हणजे धाराशिवजवळचं आजचं तेर. कोकणात राज्य करणारे हे राजे मूळ गाव काही विसरले नव्हते.

ठाण्याचा ताम्रपट रामलोचन पंडितांनी उलगडला, जनरल कारनॅकने तो कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीकडे धाडला आणि सोसायटीच्या ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या पहिल्याच खंडात भाषांतर छापून आलं. शिलाहार राजा अरिकेसरीने शके ९३९ मध्ये, कार्तिकी पौर्णिमेला, श्रीस्थानकात राहणाऱ्या तिक्कपैय नावाच्या ब्राह्मणाला दिलेलं हे दानपत्र. छापताना मथळ्यात साल पडलं १०१८. शकात ७८ मिळवले की येतात १०१७. एका वर्षाची ही चूक मला तरी माफ करावीशी वाटते. त्या काळी असली जुनी लिपी वाचू शकणारे होतेच किती?

श्रीस्थानक म्हणजे ठाणे. अरिकेसरीचा पुतण्या छित्तराज, त्याचा शके ९४८ चा ताम्रपट भांडुपजवळ मिळाला. त्यातही श्रीस्थानक आहे, आणि ‘षट्षष्टी’ म्हणजे साष्टीही. घोडबंदर रोडच्या जाहिरातींत ‘नवं ठाणे’ वाचताना मला हे आठवून हसू येतं.

किल्ला आतून बघायचा, तर तुरुंगाची परवानगी लागते. पण डोंबिवली-कल्याणकडे जुन्या वाड्यांच्या जागी टॉवरचे पाये खणणं चालूच आहे. तिथे असं काही हाती लागलं, तर १८७८ च्या गुप्तधन कायद्याप्रमाणे कलेक्टरला कळवायचं. आणि तोवर त्याला चिंच-मीठ लावून लख्ख करायला बसायचं नाही. त्या घासण्यात आधी अक्षरंच जातात.