अनोळखी इंजिनाची ओळख

हेदवीला रेल्वे नाही. दशभुजा गणेश आहे, भरतीला बामणघळीत उसळणारा समुद्र आहे. पण इंजिनाची शिटी ऐकायची तर शृंगारतळीवरून एसटीने चिपळूण गाठावे लागते. गुहागर तालुक्यातल्या चाकरमान्यांचा मुंबईचा रस्ता हाच. चिपळूणच्या फलाटावर वाट पाहणे नेहमीचे, कारण कोकण रेल्वेचा बहुतेक मार्ग एकेरी आहे. २०२१ मध्ये रोहा-वीर हा ४६ किलोमीटरचा तुकडा दुहेरी झाला, पण वीरच्या खाली समोरून गाडी यायची असली की आपली गाडी लूप लाईनला थांबते. प्रवासी क्रॉसिंगच्या नावाने वैतागतात. इंजिने ओळखण्याचा छंद असलेल्याला मात्र हीच पर्वणी, कारण धावताना डोळ्यांपुढून क्षणात निघून जाणारे इंजिन इथे निवांत उभे राहते. त्याचे नाक, चाके, जाळ्या, छतावरचे पंखे, केबिनखाली रंगवलेले देखभालीच्या शेडचे नाव, सगळे फलाटावरूनच वाचता येते.

मला हा छंद मोलाचा वाटतो, कारण यार्डात उभे असलेले अनोळखी इंजिन तिथे काही कारणाने आलेले असते आणि ते कारण त्याच्या अंगावर वाचता येते.

कोकण रेल्वेचा पहिला टप्पा १९९३ मध्ये सुरू झाला आणि पूर्ण मार्ग १९९८ मध्ये. वाफेचा जमाना तोवर सरला होता. त्यामुळे या मार्गाने पहिल्या दिवसापासून डिझेलच पाहिले. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा खोदला, तेव्हा इंजिनाचा धूर बाहेर काढायला पंख्यांची सोयही करावी लागली. मुंबईच्या बाजूला तारा होत्या, पण गेल्या दशकाच्या मध्यापर्यंत तिथे काही भागांत १,५०० व्होल्टचा डीसी प्रवाह होता आणि पुढे कोकणात तारच नव्हती. मध्ये कुठेतरी इंजिन बदलण्यापेक्षा मुंबईपासूनच डिझेल जोडणे सोयीचे. म्हणून मांडवी आणि कोकणकन्या या गाड्या सीएसएमटीहून विजेच्या तारांखालून कल्याण शेडचे डिझेल इंजिन घेऊन निघत. दक्षिणेकडून केरळच्या गाड्या इरोड आणि एर्नाकुलमची इंजिने घेऊन येत. चिपळूण-रत्नागिरीच्या फलाटावर उभ्या माणसाला दिवसभरात निम्म्या भारताची शेडे भेटत.

ओळखीची सुरुवात बहुतेक जण संकेतावरून करतात. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, डी म्हणजे डिझेल. त्यापुढे एम म्हणजे दोन्ही कामांचे, जी मालगाडीचे, पी प्रवासी गाडीचे, एस शंटिंगचे. त्यापुढचा आकडा हजार अश्वशक्ती सांगतो आणि अक्षर शंभराची भर. डब्ल्यूडीएम-३ए म्हणजे ३,१०० अश्वशक्ती. नियम सुटसुटीत आहे, पण सगळीकडे चालत नाही. डब्ल्यूडीएम-२ हे नाव नियमाच्या आधीचे, आणि त्या इंजिनाची ताकद २,६०० अश्वशक्ती. डब्ल्यूडीपी-४डी मधला ‘डी’ दोन केबिनांचा आहे आणि ताकद ४,५००. शिवाय जुन्या डब्ल्यूडीएम-२ ची पुनर्बांधणी करून ३,१०० अश्वशक्तीचे यंत्र केले, तरी त्याचा मूळ क्रमांक तसाच ठेवत. सतरा-अठरा हजारांच्या घरातला क्रमांक दिसला म्हणून आत जुनेच यंत्र असेल, असे धरून चालता येत नाही.

म्हणून आधी अंगकाठी पाहावी. भारतातल्या मोठ्या डिझेल इंजिनांची मुख्य घराणी तीन. पहिले आल्कोचे. अमेरिकेतल्या स्केनेक्टडी गावातल्या या कंपनीची डब्ल्यूडीएम-२ इंजिने १९६२ मध्ये भारतात आली. वाराणसीच्या कारखान्यात बांधलेले पहिले इंजिन लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते ३ जानेवारी १९६४ रोजी रुळावर आले. खुद्द आल्कोने १९६९ मध्ये इंजिने बांधणे थांबवले, वाराणसीत मात्र तोच वंश पुढे कित्येक दशके वाढत राहिला. परदेशी कंपनी मिटली आणि तिचे यंत्र आपल्या कामगारांनी सुधारत नेले, याचा मला फार अभिमान वाटतो.

आल्को दिसायला काटकोनी. एका टोकाकडे केबिन, तिच्या एका बाजूला आखूड नाक, दुसऱ्या बाजूला लांबलचक हुड, त्याच्या शेवटी रेडिएटर आणि छतावर एकच मोठा पंखा. आत सोळा सिलिंडरचे फोर-स्ट्रोक यंत्र. उभे असताना ते दम घेत घेत ठेका धरते आणि निघताना काळा धूर सोडते. डोळे मिटून ओळखावे असे इंजिन.

दुसरे घराणे जनरल मोटर्सच्या ईएमडीचे. मालगाडीचे डब्ल्यूडीजी-४ १९९९ मध्ये, प्रवासी गाडीचे डब्ल्यूडीपी-४ २००१ मध्ये आले आणि दोघांचा पहिला संसार हुबळीच्या शेडमध्ये मांडला गेला. हुडच्या मागच्या टोकाला बाहेर फाकलेले रेडिएटर आणि त्यावर पंख्यांची जोडी, ही यांची लांबून पटणारी खूण. यंत्र टू-स्ट्रोक असल्याने आवाज सलग, त्यावर टर्बोची शीळ.

आता चाकांकडे पाहू. डब्ल्यूडीपी-४ ला सहा धुरा, पण मोटारी चारच धुरांवर. प्रत्येक बोगीतली एक धुरा नुसती भार वाहते. ओल्या रुळावर जड गाडी उचलताना ही उणीव जाणवणारच. पुढच्या ४बी मध्ये सहाही धुरांना मोटारी दिल्या. मग दोन केबिनांची ४डी आली. लांब हुड पुढे करून धावताना लोको पायलटला समोरचा रूळ नीट दिसत नसे, त्यावरचा तो उपाय. कोकणासारख्या वळणावळणाच्या मार्गावर दोन्ही बाजूंनी मोकळे दिसणे किती गरजेचे, हे वेगळे सांगायला नको.

तिसरे घराणे जीईचे, बिहारमधल्या मढौऱ्यात बांधले जाणारे. ४,५०० आणि ६,००० अश्वशक्तीची ही इंजिने उत्तर प्रदेशातल्या रोझा आणि गुजरातेतल्या गांधीधाम शेडची. यांतल्या ४,५०० अश्वशक्तीच्या इंजिनांचे क्रमांक ४९ हजारांत सुरू होतात. असा क्रमांक अनपेक्षित यार्डात दिसला तर पाटी दोनदा वाचून टिपून ठेवावी.

जुन्या घराण्यातही विक्षिप्त भावंडे निघतात. डब्ल्यूडीएम-२ च्या काही इंजिनांना आखूड नाक पूर्ण रुंदीचे आणि बुटके केले, केबिनच्या काचा मोठ्या ठेवल्या. रेल्वेच्या लोकांनी त्यांना ‘जंबो’ नाव दिले. संकेत तोच, यंत्र तेच, चेहरा मात्र वेगळा. पाटी न वाचता पाहणारा हमखास फसतो. त्याहून चकवणारे म्हणजे वाराणसीतच डब्ल्यूडीजी-३ए या डिझेल इंजिनांपासून केलेले विजेचे इंजिन. २०१९ च्या फेब्रुवारीत पंतप्रधानांनी त्याला झेंडा दाखवला. दोघांची जोडी मिळून १०,००० अश्वशक्ती. देह डिझेलचा, छतावर पेंटोग्राफ. अशा इंजिनापुढे नुसत्या आकारावरून निष्कर्ष काढणारा गप्प होतो. तेव्हा छत, जाळ्या आणि पोटाखालची डिझेलची टाकी आहे की नाही, हे सगळे पाहावे लागते. डब्ल्यूडीएम-२ ची टाकी ५,००० लिटरची असते, ती लपत नाही.

कोकणच्या यार्डांत नवख्याला सर्वांत जास्त गोंधळात टाकतात ती पिवळी यंत्रे. बाजूच्या सायडिंगला उभे असलेले, केबिन आणि चाके असलेले ते वाहन इंजिनासारखे दिसते, पण बहुधा ते टॅम्पिंग मशीन असते. रुळाखालची खडी दाबून मार्ग समतल करण्याचे त्याचे काम. विद्युतीकरण आले तसे टॉवर वॅगनही आले. छतावर उंच होणारा मंच असला की ओळख पटली. ही यंत्रे गाड्या ओढत नाहीत म्हणून छंदी माणसे त्यांच्याकडे पाठ फिरवतात, हे मला पटत नाही. कोकणातल्या पावसात रूळ जागेवर राहतो त्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

हे सगळे फलाटावर उभे राहूनच करावे. यार्डात रूळ ओलांडत शिरणे हा गुन्हा आहे आणि शंटिंगचे डबे आवाज न करता मागून येतात.

रोहा ते ठोकूर हा ७४१ किलोमीटरचा मार्ग मार्च २०२२ मध्ये पूर्ण विजेवर आला. खर्च १,२८७ कोटी रुपये. जूनमध्ये राष्ट्रार्पण झाले आणि एकेक गाडी विजेच्या इंजिनाकडे गेली. बोगद्यातला धूर गेला, डिझेलचा खर्च वाचला. हे चांगलेच झाले. पण त्यामुळे ओळखीचा पटच उलटला. वीस वर्षे रोज दिसणारे आल्को आता चिपळूणच्या लूप लाईनवर उभे दिसले, तर तेच असाधारण. ज्या इंजिनाकडे कुणी मान वळवून पाहत नसे, त्याचा क्रमांक, शेड, तारीख आणि मागे जोडलेली गाडी आता टिपायला हवी. अपघात मदतगाडी घेऊन आले, तारांचे काम चालू असलेल्या भागात साहित्य पोचवायला आले, की दुसऱ्या इंजिनामागे बंद अवस्थेत ओढले जात आहे? बंद इंजिन असेल तर ठेका ऐकू येत नाही, धुराड्यावरची हवा थरथरत नाही आणि त्याच्या पुढे किंवा मागे दुसरे चालू इंजिन असते. मग पाहायचे की केबिनखाली शेडचे नाव अजून आहे, की त्यावर रंग फासला आहे. रंग फासलेला असेल तर क्रमांक लगेच लिहून घ्यावा, कारण त्या इंजिनाचा पुढचा मुक्काम बहुधा भंगारात असतो.