विंच पुढे लावायची की मागे? एका प्रश्नातून बळाचा धडा



नववीच्या वर्गात 'गतीचे नियम' शिकवत होतो. क्रिया-प्रतिक्रिया समजावताना चिखलात रुतलेल्या जीपचं उदाहरण घेतलं. जीपच्या पुढे विंच आहे, तिचा दोर समोरच्या झाडाला बांधला. विंच दोर गुंडाळते, झाड जागचं हलत नाही, म्हणून जीपच झाडाकडे सरकते. मुलांना पटलं. तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, पण गाडी पुढं गेली म्हणूनच रुतली ना? मग विंच मागं का नाही लावत?"

प्रश्न इतका बरोबर होता की मी त्या दिवशी घाईनं उत्तर दिलं नाही. 'उद्या सांगतो' म्हणालो. दुसऱ्या दिवशी सगळा तास त्यावरच गेला. तो तास इथे मांडतो आहे.

हा विषय फक्त हौशी लोकांचा आहे असं समजू नका. पावसाळ्यात शेतरस्त्यावर, नदीच्या पात्रात, सहलीच्या ठिकाणी गाड्या रुततात. मग दिसेल त्या जागी दोर बांधला जातो, आणि पोरं जवळ उभी राहून बघतात. एकदा माझ्यासमोर बंपर उचकटून दोरासकट हवेत उडाला होता. कुणाला लागलं नाही, हे नशीब. दोर मजबूत होता, चूक होती ती बांधायच्या जागेत. म्हणून 'विंच कुठे लावायची' या प्रश्नाचं उत्तर समजलं, तर 'दोर कुठे बांधायचा' आणि 'आपण कुठे उभं राहायचं' हेही आपोआप समजतं.

विंच म्हणजे मोटर लावलेला रहाट

विहिरीवरचा रहाट आठवा. लाकडी रूळ फिरतो, दोर गुंडाळला जातो, बादली वर येते. विंच तेच करते. रुळाच्या जागी लोखंडी ड्रम, हाताच्या जागी बॅटरीवर चालणारी मोटर, आणि मधे वेग कमी करून ओढ वाढवणारे गिअर. सहावीत आपण साधी यंत्रे शिकवतो, त्यातलं 'चाक आणि आस' ते हेच.

आता एक गोष्ट बघा. रहाट कितीही चांगला असला तरी तो ज्या खांबांवर बसवलाय ते खांब ढिले असतील तर उपयोग काय? बादली वर यायच्या ऐवजी रहाटच विहिरीत जाईल. विंचच्या जागेचा सगळा प्रश्न या एका वाक्यात आहे.

पहिला नियम : बळ चासीपर्यंत पोचलं पाहिजे

बैलगाडी रुतली की जुनी माणसं दोर आसाला बांधायची, वरच्या फळीला नाही. मोटारगाडीतही तसंच. थारसारख्या गाडीला खाली शिडीच्या आकाराची पोलादी चासी असते. तिचे दोन लांब दांडे गाडीभर जातात. इंजिन, आस, बॉडी सगळं त्यांनाच जोडलेलं असतं. विंचची ओढ त्या दोन दांड्यांवर वाटली गेली पाहिजे. आजच्या बहुतेक गाड्यांचा बाहेरून दिसणारा बंपर हा प्लॅस्टिकचा मुखवटा असतो. त्याला पार्किंगमधला हलका धक्काही सोसत नाही, मग टनांची ओढ तो काय सोसणार?

म्हणून विंच बसवताना जाड पोलादी पाट वापरतात आणि तो दोन्ही दांड्यांना उच्च ताकदीच्या बोल्टांनी जोडतात. पाट जितका चासीच्या पातळीत, तितकं चांगलं. का? हिशेब करू.

चार माणसं आणि सामान धरून गाडीचं वजन 2200 किलो समजा. विंच निवडताना भरलेल्या गाडीच्या वजनाची दीडपट क्षमता घ्यावी असा संकेत आहे. म्हणजे 3300 किलो. बाजारात विंच पौंडात मोजतात. 9500 पौंडांची, म्हणजे साधारण 4300 किलोंची विंच अशा गाडीला पुरते.

आता ही विंच दिसायला छान म्हणून चासीच्या 25 सेंटिमीटर वर बसवली आणि 3300 किलोंनी ओढली, तर चासीच्या टोकाला पिळवटणारा जोर किती? 3300 गुणिले 0.25, म्हणजे 825. एक मीटर लांबीची पहार चासीत घट्ट रोवून तिच्या टोकाला 825 किलो लटकवल्यासारखं ते झालं. तीच विंच चासीच्या पातळीत बसवली की हा जोर जवळपास नाहीसा होतो आणि उरते ती सरळ ओढ. ती सोसायला चासी समर्थ असते.

जागा पहिली : पुढे

बहुतेक गाड्यांना विंच पुढेच दिसते. दुसऱ्या महायुद्धातल्या जीएमसीच्या सहाचाकी लष्करी ट्रकांपैकी काहींना तेव्हाही पुढेच विंच होती. त्यामागे कारणं आहेत.

• चालकाला दोर, झाड आणि रस्ता समोर दिसतो. चाक वळवत, हळूहळू गाडी काढता येते.
• बॅटरी बहुधा बोनेटखालीच असते, त्यामुळे विजेची तार आखूड लागते.
• पुढे जायचंच आहे, चढ चढायचाच आहे, तर ओढ त्याच दिशेला मिळते.
• दुसऱ्याची रुतलेली गाडी समोर बघत बाहेर काढता येते.

पण याची किंमत मोजावी लागते. विंच आणि तिचा पोलादी पाट मिळून 80 किलो धरा. तो पुढच्या आसाच्या 80 सेंटिमीटर पुढे बसला. थारच्या दोन आसांमधलं अंतर 245 सेंटिमीटर. मागचा आस टेकू मानून तरफेचा नियम लावा :

80 × (245 + 80) ÷ 245 = सुमारे 106 किलो.

वजन लावलं 80 किलो, पण पुढच्या आसावर भार वाढला 106 किलोंनी! वरचे 26 किलो आले कुठून? मागच्या आसावरून. गाडीचं नाक दबलं आणि शेपूट हलकं झालं, अगदी सी-सॉसारखं. म्हणून पुढच्या स्प्रिंगा बदलाव्या लागू शकतात. शिवाय विंच रेडिएटरसमोर आली तर हवा अडते आणि घाटात इंजिन तापतं. पाट फार पुढे किंवा फार खाली आला तर तीव्र चढाच्या पायथ्याशी गाडीचं नाक आधी टेकतं. म्हणून पुढची विंच शक्य तितकी मागे सरकवून, रेडिएटरच्या हवेची वाट सोडून बसवावी.

जागा दुसरी : मागे

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे. रुतलेल्या माणसाला पुढचा रस्ता कसा आहे ते माहीत नसतं. मागचा मात्र माहीत असतो, कारण तो त्यावरूनच आलेला असतो. त्यामुळे अनेकदा शहाणपणाची दिशा मागेच असते. पुढची विंच वापरून स्वतःला मागे ओढणं जवळपास अशक्य. दोर गाडीखालून उलटा नेणं तर धोक्याचंच. गोव्यात 2014 साली सुरू झालेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंज या पावसाळी स्पर्धेत अनेक गाड्यांना पुढे आणि मागे अशा दोन विंच दिसतात, त्या यासाठीच.

मग सगळे मागे का लावत नाहीत? इथे 'धाराविद्युत' हा धडा उपयोगी पडतो. पूर्ण ताकदीनं ओढताना अशी विंच 12 व्होल्टवर सुमारे 400 अँपिअर धारा घेते. मागच्या विंचला जाणारी-येणारी मिळून 10 मीटर तार लागली आणि ती 35 चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची असली, तर तिचा रोध सुमारे 0.005 ओहम. ओहमच्या नियमाने 400 × 0.005 = 2 व्होल्ट वाटेतच संपले! पुढच्या विंचला 3 मीटर तार पुरते, तिथे फक्त 0.6 व्होल्ट जातात. म्हणजे मागे लावायची तर दुप्पट जाड तार घ्या. नाहीतर मोटर रडतखडत चालेल आणि तार तापेल. शिवाय मागे डिझेलची टाकी, सायलेन्सर, स्टेपनी यांच्या गर्दीत जागा शोधावी लागते, आणि ओढताना चालकाला मान वळवून बघावं लागतं.

जागा तिसरी : मधे

काही लष्करी ट्रकांत आणि स्पर्धेच्या गाड्यांत विंच चासीच्या मधोमध असते. वजन दोन्ही आसांवर वाटलं जातं, नाक दबत नाही, आणि दोर रुळांवरून पुढे किंवा मागे काढता येतो. कल्पना सुंदर, पण घरच्या गाडीला ती जमत नाही. जागा नसते, आणि दोर अडकला तर तिथे हातही पोचत नाही.

जागा चौथी : काढता-घालता येणारी

विंच एका चौकटीवर बसवायची आणि चासीला जोडलेल्या चौकोनी नळीत, गरज पडेल तशी पुढे किंवा मागे खोचायची. रोजच्या प्रवासात वजन नाही, ऊन-पाऊस नाही. पण दोन अडचणी. एक, गुडघाभर चिखलात 45-50 किलोंचा ऐवज उचलून बसवायचा कुणी? दोन, सगळी ओढ एकाच नळीवर आणि एकाच खिळीवर येते. सरळ ओढीला ती टिकते, पण दोर तिरका गेला की चौकट तरफेसारखी नळी पिळते. त्यामुळे ही सोय सरळ ओढीसाठीच ठेवावी.

मग कुठे लावायची?

मुलांना मी तीन प्रश्न दिले, तेच इथे देतो.

1. तुम्ही बहुधा कुठे रुतता, आणि तिथून कोणत्या दिशेला सुटका असते?
2. त्या टोकाला बळ थेट चासीवर नेता येतं का?
3. वाढलेलं वजन, हवा आणि वीज यांची सोय होते का?

घाटवाटांवर दोन-तीन गाड्या मिळून जात असतील, तर पुढची विंच सर्वांत सोयीची, कारण मागे ओढायला सोबतची गाडी असते. एकट्यानेच फिरणाऱ्याने मागच्या किंवा काढता-घालता येणाऱ्या विंचचा विचार जरूर करावा. आणि दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल, तर बाकीची उत्तरं कितीही चांगली असोत, तिथे विंच लावू नये.

एक कायद्याची गोष्ट. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीत नसलेले बदल गाडीत करता येत नाहीत. 2017 च्या डिसेंबरमध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना बुलबारवर कारवाई करायला सांगितलं. कठीण पोलादी पट्टी पादचाऱ्याला जास्त इजा करते आणि एअरबॅगच्या कामातही अडथळा आणू शकते. म्हणून काम करण्याआधी आरटीओत विचारून घ्यावं.

क्षमता छापील असते, ओढ खरी असते

विंचवर लिहिलेली ताकद ड्रमवरच्या पहिल्या थराची असते. ड्रमचा व्यास 64 मिलिमीटर आणि दोर 8 मिलिमीटरचा असेल, तर पहिल्या थराची त्रिज्या 36 आणि चौथ्याची 60 मिलिमीटर. मोटरचा पीळ तोच, त्रिज्या वाढली, म्हणजे ओढ घटली. 36 ÷ 60 = 0.6. 4300 किलोंची विंच चौथ्या थरावर साधारण 2600 किलोंचीच उरते!

उपाय म्हणजे स्नॅच ब्लॉक, अर्थात बाजू उघडून दोर घालता येणारी कप्पी. कप्पी झाडाला, आणि दोराचं टोक परत गाडीच्या चासीवरच्या हुकाला. ओढ जवळपास दुप्पट, वेग निम्मा. शिवाय दोर जास्त सुटल्यामुळे खालचे ताकदवान थर वापरात येतात. पण लक्षात ठेवा, झाडावरही ती दुप्पट ओढ येते. म्हणून झाडाला रुंद पट्टा हवा, नुसता दोर नाही.

पालकांनी आणि मुलांनी हे पाळावं

• ताणलेल्या दोराच्या रेषेत किंवा आजूबाजूला कुणीही उभं राहायचं नाही. दोराच्या लांबीपेक्षा दूर राहायचं, व्हिडिओ काढतानाही.
• ताणलेला दोर ओलांडायचा नाही.
• पोलादी दोरात खूप ऊर्जा साठते. सिंथेटिक दोरात ती कमी असते, तरी नियम तेच. दोरावर जाड गोधडी किंवा डॅम्पर टाकावा.
• ट्रेलर ओढायच्या गोळ्याला दोर कधीही बांधू नये. तो तुटला तर तोफगोळ्यासारखा सुटतो.
• ड्रमवर पोलादी दोराचे किमान पाच वेढे राहू द्यावेत, सिंथेटिक दोराचे आठ ते दहा.

वर्गात करण्याजोगी कृती

खेळण्यातली गाडी घ्या. तिच्या पुढे चिकटपट्टीनं कागदी बंपर लावा. गाडीवर वजन ठेवून वाळूत रुतवा. आधी दोरा बंपरला बांधून ओढा, मग खालच्या आसाला. पहिल्यांदा कागद निघून हातात येईल, दुसऱ्यांदा गाडी येईल. मग विचारा, 'दोन्ही वेळा दोरा तोच, हात तोच. मग बदललं काय?'

माझ्या वर्गात ज्या मुलानं प्रश्न विचारला होता, त्यानंच उत्तर दिलं, "सर, ओढ कुणाला लागली ते बदललं." वहीत लिहून घ्यायला मी सगळ्यांना तेच वाक्य सांगितलं. पुढच्या पावसाळ्यात कुठेतरी गाडी रुतलेली दिसली, तर तुमच्या मुलाला विचारा, 'दोर कुठे बांधलाय?' त्यानं आधी तुमचा हात धरून तुम्हाला दूर नेलं, तर धडा समजला असं समजा.