यंत्रमानवाची शिदोरी

“कला शाखेच्या मुलीने बॅटऱ्यांवर लेख लिहायचा?” असे एका मैत्रिणीने मला विचारलेच. तिला माझे उत्तर असे की, ‘रोबो’ हा शब्द मुळी आपल्याच शाखेचा आहे. चेक नाटककार कारेल चापेक याच्या १९२० सालच्या ‘आर. यू. आर.’ या नाटकातून तो जगभर पसरला. सुचवला त्याच्या भावाने, योसेफने. आणि ज्या ‘रोबोटा’ शब्दावरून तो घेतला त्याचा अर्थ वेठबिगारी. वेठबिगाराला मजुरी मिळत नसे, परंतु भाकरी तरी घालावीच लागे. आमच्या घरचा यंत्रमानव भाकरीवाचून भर प्रदर्शनात कसा अडून बसला, आणि त्याच्या भाकरीचा शोध घेताना मला काय कळले, ते येथे सांगते.

माझा धाकटा भाऊ नववीत आहे. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी त्याने व त्याच्या मित्राने काळ्या पट्टीवरून चालणारी एक गाडी बनवली. पिवळ्या प्लॅस्टिकच्या दोन मोटारी, त्यांना दोन चाके, पुढे मोकळे फिरणारे एक छोटे चाक, पट्टी ओळखणारे दोन डोळे, मेंदू म्हणून आर्डुइनोची पाटी आणि मेंदूचा हुकूम मोटारींपर्यंत पोचवणारी एल-२९८ नावाची दुसरी पाटी. वायरी त्यांनी जोडल्या, प्रोग्राम त्यांनी लिहिला. “ताई, तू फक्त बॅटरी आण,” एवढेच काम माझ्या वाट्याला आले.

मी दुकानात जाऊन नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी आणली. पेन्सिल सेल दीड व्होल्टचा, ही नऊची, म्हणजे सहापट, एवढे गणित मलाही येत होते! शिवाय ती स्वस्त आणि हलकी. घरी गाडी भिंतीच्या प्लगमधील अडॅप्टरवर छान चालली होती, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. प्रदर्शनात ती वीतभर पुढे गेली, थबकली, मेंदूवरचा दिवा लुकलुकला, पुन्हा वीतभर गेली, पुन्हा थबकली. तीनदा असे झाल्यावर परीक्षक “छान, छान” म्हणून पुढच्या टेबलाकडे वळले. परतताना एस.टी.त भाऊ माझ्याशी एक शब्द बोलला नाही. प्रोग्राममध्ये चूक नव्हती, वायरीत नव्हती. बॅटरी मी आणली होती.

दुसऱ्या दिवशी ती बॅटरी घेऊन मी रेडिओ दुरुस्त करणाऱ्या काकांकडे गेले. त्यांनी मीटर लावला. काटा नऊच्या जवळ. मी म्हटले, “बघा, बॅटरी तर चांगली आहे.” त्यावर काका हसले. “पोरी, रिकाम्या हाताने सगळेच पैलवान. ओझे ठेवून बघ.” त्यांनी गाडीच्या मोटारी बॅटरीला जोडल्या आणि चाके हाताने धरली. काटा चारच्या आसपास घसरला. चाके सोडली, काटा वर चढला. त्या एका मिनिटात मला जे समजले ते एरवी पुस्तक वाचून समजले असते की नाही, कोण जाणे.

व्होल्ट म्हणजे विजेचा दाब आणि अँपिअर म्हणजे वाहणारा प्रवाह, हे आपण शाळेत पाठ केलेले असते. परंतु दाब पुष्कळ म्हणजे प्रवाहही पुष्कळ, हे त्यातून निघत नाही. सुरई माळ्यावर नेऊन उपडी केली तरी तिच्या अरुंद गळ्यातून धार बारीकच पडणार. नऊ व्होल्टच्या बॅटरीचे तसेच आहे. तिच्या पोटात दीड-दीड व्होल्टचे सहा चिमुकले सेल एकापुढे एक जोडलेले असतात. सेल चिमुकले, म्हणून त्यांचा अंतर्गत रोध जास्त. हा रोध समजा पाच ओहम आहे. मोटारींनी एक अँपिअर मागितला की पाच व्होल्ट बॅटरीच्या आतच खर्ची पडतात आणि बाहेर चारच उरतात. पाच व्होल्टवर चालणाऱ्या मेंदूला घेरी येते, तो पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, मोटारींना हुकूम सोडतो, आणि पुन्हा घेरी येते. आमची गाडी अशी वीत-वीत चालत होती.

मग मोटारी मागतात तरी किती? आमच्यासारखी पिवळी मोटार मोकळी फिरताना साधारण १५० ते १६० मिलिअँपिअर घेते. चाक अडले की तीच एक ते दीड अँपिअर ओढते. यातली मेख अशी की, थांबलेली मोटार सुरू होताना क्षणभर अडलेल्या मोटारीसारखीच असते. बैलगाडी चालू असताना ओढणे सोपे, जागची हलवताना बैलांचा कस लागतो. म्हणून शिदोरी ठरवायची ती सरासरी भुकेवर नव्हे, तर सर्वांत मोठ्या भुकेवर. दोन मोटारी म्हणजे क्षणभर तीन अँपिअरपर्यंत तयारी हवी.

हे कळल्यावर भावाने (एव्हाना तो बोलू लागला होता) घरच्या जुन्या इमर्जन्सी दिव्यातली सहा व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी आणली. प्रवाहाला ती कमी नव्हती. परंतु वजन पाऊण किलोच्या आसपास! गाडीची प्लॅस्टिकची पाठ वाकली आणि चाके बाहेर फाकली. नंतर मोबाईलचा पॉवर बँक लावून पाहिला. मोटारी बंद ठेवून नुसता मेंदू चालवला तर प्रवाह इतका थोडा लागे की, कुणी जोडलेलेच नाही असे समजून पॉवर बँक आपोआप बंद होई.

लिथियम-आयन सेलचे नाव सगळेच घेतात, आणि ते उगीच नाही. हे सेल १९९१ साली सोनी कंपनीने प्रथम बाजारात आणले, आणि ते शक्य करणाऱ्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. १८६५० हा त्यांतला प्रसिद्ध प्रकार : अठरा मिलिमीटर जाडी, पासष्ट मिलिमीटर लांबी. एका सेलचा दाब ३.७ व्होल्ट, वजन पन्नास ग्रॅमच्या आत, आणि कित्येक अँपिअर देण्याची ताकद. मात्र हा पैलवान रागीट आहे. दोन टोके चुकून जुळली किंवा ४.२ व्होल्टच्या वर भरला, तर पेट घेऊ शकतो. त्याला संरक्षक पाटी आणि त्याच्याच जातीचा चार्जर लागतोच. त्यातून बाजारात भामटेगिरी फार. चांगल्या १८६५० ची धारणा ३५०० मिलिअँपिअर-तासाच्या आसपास असते. अंगावर ९९०० छापलेला सेल दिसला की मुकाट्याने परत ठेवावा. आमच्या घरी गाडी माजघरात अंथरुणाशेजारी चार्ज होणार, हे ध्यानात घेऊन मी लिथियमला नकार दिला. भाऊ नाराज झाला, पण बॅटरीचे खाते माझ्याकडे होते!

शेवटी ठरले ते निकेल-मेटल हायड्राइडचे, पुन्हा पुन्हा भरता येणारे पेन्सिल सेल. एकाचा दाब १.२ व्होल्ट. चार घेतले तर ४.८, परंतु एल-२९८ ही पाटी मधल्यामधे दोनेक व्होल्ट दलाली खाते, मग मोटारींना तीनही उरत नाहीत. म्हणून सहा घेतले : ७.२ व्होल्ट, दलाली जाऊन पाच. तीन ते सहा व्होल्टच्या मोटारीला हे नेमके. सहाही सेलचे वजन पावणेदोनशे ग्रॅमच्या घरात. धारणा २००० मिलिअँपिअर-तास. दोन्ही मोटारी मिळून सरासरी अर्धा अँपिअर धरला तर कागदावर चार तास, प्रत्यक्षात कमी.

आणि ती बदनाम नऊ व्होल्टची बॅटरी? नवी आणून तिला एकट्या मेंदूचे काम दिले. मेंदू व डोळे मिळून शंभरेक मिलिअँपिअरच्या आत भागते, तेवढे ती तासन् तास देते. मोटारींनी कितीही हिसके दिले तरी मेंदूच्या ताटाला धक्का नाही. पहिल्या दिवशी मात्र गाडी वेड्यासारखी गरगरली, कारण दोन बॅटऱ्या वेगळ्या म्हणून आम्ही त्यांची ऋण टोकेही वेगळी ठेवली होती. काकांनी एका तुकड्याने ती जोडून दिली. दोघांचे शून्य एकच नसेल तर एकाची भाषा दुसऱ्याला कळत नाही.

आता गाडी ओसरीवर आखलेल्या पट्टीवरून न थांबता फिरते. सेल कार्यक्रमाच्या आदल्या रात्री भरायचे, कारण साधे सेल पडून राहिले तरी हळूहळू रिते होतात. गाडी मंदावली की लगेच थांबवायची. सहाही सेल एकाच वेळी घेतलेले आणि एकत्रच वापरायचे. त्यात एक अशक्त घुसला तर बाकीचे पाच त्याला उलट्या दिशेने रेटून कायमचा निकामी करतात. भावाने सहांवर शाईने आकडे घातले आहेत. परवा भिंतीवरचे घड्याळ बंद पडले तेव्हा आईने त्यातला एक मागितला. आम्ही दोघांनीही दिला नाही. तिच्यासाठी कोपऱ्यावरच्या दुकानातून साधा सेल आणला.