डिस्क चुकली तर जाईल कुठे?

होटगी जंक्शन आपल्या सगळ्यांच्या पायाखालचं. सोलापूरहून आलेली एक लाईन वाडीकडे जाते, दुसरी विजयपूर-गदगकडे फुटते. तरी गाड्या धडकत नाहीत, कारण कोण कुठून जाणार हे आधीच ठरलेलं असतं. सगळ्यांच्या बागेत डिस्क गोल्फ खेळायचं, तर तिथंही हेच आधी ठरवावं लागतं.

आता हा खेळ काय? गोल्फच, पण चेंडूऐवजी फ्रिस्बीसारखी डिस्क, आणि खड्ड्याऐवजी साखळ्या लावलेली बास्केट. कमीत कमी फेकींत डिस्क आत टाकायची. पहिला कायमचा कोर्स एड हेड्रिक यांनी १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये केला. म्हणजे सार्वजनिक उद्यानातच!

गंमत अशी, की क्रिकेटचा बॉल अंगावर आला तर कुणीतरी ओरडतं, आपणही लगेच वाकतो. तशी सवयच आहे आपल्याला. डिस्क मात्र गुपचूप येते. वजन पावणेदोनशे ग्रॅमच्या आतबाहेर, पण कडा टणक. म्हणून कोर्स आखताना ‘बास्केट कुठे?’ हा प्रश्न नंतरचा. आधी विचारायचं, ‘फेक चुकली तर डिस्क कुठे जाईल?’

उजव्या हाताने बॅकहँड फेकली, की वेग कमी होताना डिस्क डावीकडे झुकते. मग डाव्या बाजूला चालायचा ट्रॅक नको. डावखुऱ्यांची उजवीकडे जाते, त्यामुळे तिकडेही मोकळी जागा हवीच. बास्केटच्या मागे झोके किंवा बाक नकोत, कारण जोरात गेलेली फेक तिथेच पडते. आणि जिथून फेकायचं, तिथून सगळी वाट दिसली पाहिजे. वळणामागे कुणी आजी बसली असेल तर?

कडुनिंबाची झाडं तोडू नका. तीच अडथळा होतील आणि उन्हाळ्यात सावलीही देतील.

सिमेंट ओतायची घाई नको. आधी हलवता येणाऱ्या बास्केट लावा, आणि सकाळी, संध्याकाळी, रविवारी तिथं उभं राहून बघा. लोक कुठून चालतात, पोरं क्रिकेट कुठे खेळतात? त्यांची वाट आपल्या फेकीच्या आड येत असेल, तर बास्केट हलवायची, माणसं नाही.

आणि खेळताना समोर कुणी आलं, तर आपण थांबायचं. बाग आधी त्यांची आहे. त्यांना भीती वाटली, तर खेळ तिथं टिकणारच नाही.

तुमच्या जवळच्या बागेत अशी जागा दिसतेय का? बघून ठेवा. भेटू पुढच्या भागात!