माळ्यावरचा व्हिडिओ गेम पुन्हा चालू करायचाय? मग आधी हे वाचा, स्क्रू नंतर काढा

विरार पश्चिमेला बोळिंजमध्ये गेल्या काही वर्षांत नवीन बिल्डिंगी किती उभ्या राहिल्या, ते वेगळं सांगायला नको. म्हाडाची मोठी वसाहतही इथेच आहे. नवीन घर म्हटलं की सामानाची हलवाहलव आली. आणि सामान हलवताना माळ्यावरून हमखास एक खोका खाली येतो. आत पिवळट पडलेलं मशीन, गुंडाळलेल्या वायरी, दोन रिमोट, एखादी बंदूक आणि '९९९९९९९ इन १' असं छापलेली कॅसेट.

मग घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "भंगारात दे." दुसरा म्हणतो, "थांब, टीव्हीला लावून तर बघू."

हा लेख दुसऱ्या पक्षासाठी आहे. जुन्या गेमिंग मशीनमध्ये नवे पार्ट टाकणं, त्याला मॉडिंग म्हणतात, हा जगभर मोठा छंद झालाय. पण चुकीचा अ‍ॅडॅप्टर लावला तर तीस वर्षं टिकलेलं मशीन एका सेकंदात मरतं. त्यामुळे काय बदलायचं आणि कशाला हात लावायचा नाही, हे आधी समजून घेऊ.

आधी एक गोष्ट क्लिअर करू: आपल्याकडे नक्की काय आहे?

जपानच्या निन्टेंडो कंपनीने १५ जुलै १९८३ ला फॅमिकॉम नावाचं मशीन बाजारात आणलं. पुढे अमेरिकेत तेच एनईएस या नावाने गेलं. नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या बहुतेक घरांत मात्र फॅमिकॉम आलं नाही, त्याची कॉपी आली. लिटल मास्टर, मीडिया अशी नावं आठवत असतील. बॉक्स वेगळे, नावं वेगळी, पण आतला मेंदू फॅमिकॉमच्या धर्तीवरचा. म्हणून सगळ्यांवर तोच मारिओ आणि तोच कॉन्ट्रा चालायचा.

मॉडिंगच्या दृष्टीने या कॉप्यांचे दोन प्रकार पडतात. आधीच्या मशीनमध्ये प्रोसेसर आणि चित्र तयार करणारी चिप अशा दोन वेगळ्या चिप असायच्या. तैवानच्या यूएमसी कंपनीच्या चिप त्यात बऱ्याचदा सापडतात. नंतर खर्च वाचवायला सगळं एकाच चिपमध्ये कोंबलं गेलं आणि त्यावर काळ्या डांबरासारखा थेंब ओतला गेला.

मशीन उघडल्यावर दोन मोठ्या, पायवाल्या चिप दिसल्या, तर दुरुस्तीला आणि बदलाला बराच वाव आहे. काळा थेंब दिसला, तर तो थेंब हाच मेंदू. तो गेला की विषय संपला, कारण तो काढून दुसरा बसवता येत नाही. मात्र त्याच्या आजूबाजूचे पार्ट बदलता येतात.

पहिला अडथळा: नवीन टीव्ही

जुनी मशीनं दोन पद्धतीने चित्र द्यायची. एक, अँटेनाच्या वायरमधून. टीव्हीवर चॅनल फिरवत बसायचं आणि मुंग्यांमधून मारिओ शोधायचा. दुसरी, पिवळ्या-पांढऱ्या पिनांची एव्ही वायर.

तुमच्या मशीनला एव्ही असेल तर काम सोपं आहे. नव्या टीव्हीला मागे पिवळं भोक दिसत नसेल, तर हेडफोनसारखं बारीक गोल भोक शोधा. अनेक टीव्हींमध्ये एव्ही तिथेच दिलेलं असतं, फक्त जोडवायर लागते.

मशीन फक्त अँटेनावालं असेल, तर 'एव्ही मॉड' करतात. चिप जे चित्र बनवते ते आधी साध्या व्हिडिओ सिग्नलच्या रूपातच असतं. नंतर ते एका छोट्या पत्र्याच्या डबीत जाऊन अँटेनाच्या सिग्नलमध्ये बदलतं. एव्ही मॉडमध्ये डबीच्या आधीच तो सिग्नल पकडतात, एक ट्रान्झिस्टर आणि दोन-चार छोटे पार्ट लावून त्याला थोडं बळ देतात आणि पिवळ्या पिनेवर आणतात. पार्टचा खर्च किरकोळ असतो. सोल्डरिंग येणाऱ्याला फार वेळही लागत नाही. मुंग्या जातात, रंग सुधारतात.

टीव्हीला फक्त एचडीएमआय असेल तर काहीशे रुपयांत मिळणारा एव्ही-टू-एचडीएमआय डबा चालतो. पण इथे एक मेख आहे. जुना गेम २५६ बाय २४० ठिपक्यांचं, सलग आडव्या रेषांचं चित्र पाठवतो. स्वस्त डबा आणि बरेचसे नवे टीव्ही ते सम-विषम रेषांमध्ये विभागलेलं टीव्ही प्रक्षेपण आहे असं समजतात आणि नको ती 'सुधारणा' करतात. त्यामुळे चित्र धुरकट दिसतं. शिवाय बटण दाबल्यावर मारिओ किंचित उशिरा उडी मारतो. ओएसएससी आणि रेट्रोटिंक ही उपकरणं खास या दुखण्यासाठी बनवलेली आहेत, पण त्यांना काही हजार मोजावे लागतात. आणि रेट्रोटिंकची अनेक मॉडेल्स साधा एव्ही सिग्नल थेट घेतात, मूळ ओएसएससी घेत नाही. आधी साध्या डब्यावर खेळून बघा आणि टीव्हीमध्ये 'गेम मोड' चालू करा. त्याने उशीर कमी होतो.

बंदूक का चालत नाही?

डक हंटची बंदूक नव्या टीव्हीवर चालत नाही. कितीही नवे पार्ट टाका, फरक पडत नाही. कारण बंदूक गोळी मारत नाही, ती बघते. तुम्ही घोडा दाबला की स्क्रीन क्षणभर काळी होते आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. बंदुकीच्या नळीतला सेन्सर तो उजेड शोधतो. जुन्या डबा टीव्हीवर चित्र लगेच उमटायचं आणि त्याचा उजेड ठरावीक वेगाने लुकलुकायचा. एलईडी टीव्हीवर चित्र उशिरा येतं आणि ती लुकलुकही नसते. बंदूक बिचारी बघत राहते, बदक उडून जातं.

बंदूक चालवायची तर जुना डबा टीव्हीच हवा. आणि हो, तो टीव्ही घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही आत हजारो व्होल्ट साठलेले असू शकतात.

लहानपणीचा मारिओ हळू होता का?

मोबाइलवर मारिओ खेळताना तो लहानपणापेक्षा जोरात पळतोय असं वाटलं असेल, तर तो भास असेलच असं नाही. जपान-अमेरिकेतला गेम सेकंदाला साधारण ६० चित्रं दाखवतो. आपल्याकडच्या टीव्हीची पद्धत होती पाल, म्हणजे ५० चित्रांची. पाल चिप असलेल्या मशीनवर तोच गेम ५० च्या वेगाने चालायचा, म्हणजे जवळपास १७ टक्के हळू. संगीताची लयसुद्धा तेवढीच संथ. त्यामुळे 'परफेक्ट' अमेरिकन वेगाचं नवं मशीन घेतलं आणि मजा आली नाही, तर दोष मशीनचा नाही.

दुसरा अडथळा: अ‍ॅडॅप्टर

सगळ्यात जास्त मशीनं इथे मरतात. जुना अ‍ॅडॅप्टर हरवलेला असतो, मग घरातला राउटरचा किंवा सेट-टॉप बॉक्सचा अ‍ॅडॅप्टर पिन बसते म्हणून लावला जातो.

पिन बसणं आणि अ‍ॅडॅप्टर जुळणं या वेगळ्या गोष्टी आहेत. मूळ फॅमिकॉममध्ये पिनेचा मधला भाग निगेटिव्ह असतो. आजच्या बहुतेक अ‍ॅडॅप्टरमध्ये तो पॉझिटिव्ह असतो. कॉपी मशीनमध्ये तर दोन्ही प्रकार सापडतात. त्यामुळे मशीनच्या खाली किंवा पिनेजवळ छापलेलं गोल चिन्ह बघा. ते नसेल तर मल्टिमीटरवाल्याकडून तपासून घ्या.

आत ७८०५ नावाचा तीन पायांचा पार्ट असतो. तो ९-१० व्होल्ट घेऊन ५ व्होल्ट देतो आणि उरलेली वीज उष्णता म्हणून फेकतो. म्हणूनच ही मशीनं खेळून खेळून तापायची. १२ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर लावला तर उष्णता आणखी वाढते. त्यामुळे 'जास्त पॉवर म्हणजे चांगलं' हा हिशोब इथे चालत नाही.

त्याच्या शेजारी छोट्या पिंपासारखे कपॅसिटर असतात. वर्षानुवर्षांत ते आतून सुकतात किंवा गळतात. चित्रात आडव्या लाटा आल्या, आवाजात घरघर आली, तर पहिला संशय त्यांच्यावर घ्या. बदलताना मायक्रोफॅरड तेवढेच ठेवायचे, व्होल्ट तेवढे किंवा जास्त. पॉझिटिव्ह-निगेटिव्ह उलटं झालं तर नवा कपॅसिटर फुटू शकतो.

फुंकर मारणं बंद करा

कॅसेट चालली नाही की फुंकर मारायची, हा सगळ्या देशाचा उपाय होता. खरं तर फरक पडायचा तो कॅसेट काढून पुन्हा बसवल्यामुळे. फुंकरेतला ओलावा मात्र तांब्याच्या पट्ट्यांवर बसायचा.

विरार पट्ट्यात हा मुद्दा जास्तच महत्त्वाचा, कारण अर्नाळ्याचा समुद्र जवळ आहे. दमट, खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यात माळ्यावर पडलेल्या मशीनच्या पट्ट्यांवर हिरवट थर चढतो. कानकोरणीच्या कापसाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा, पट्ट्या हलक्या हाताने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. सँडपेपर वापरू नका, वरचा पातळ मुलामा निघून जातो. अनेक 'बंद' मशीनं एवढ्यावरच चालू होतात.

रिमोटचं बटण दाबलं जात नसेल तर आतलं काळं रबर बदला. ते स्वस्त असतं. पण नऊ पिनांचा दुसऱ्या कंपनीचा रिमोट बसतोय म्हणून लावू नका, आतली जोडणी वेगळी असते.

नव्या कॅसेटऐवजी मेमरी कार्ड घेणारी एव्हरड्राइव्हसारखी कॅसेटही मिळते. घेताना पिना मोजा. आपल्याकडची मशीनं बहुतेक ६० पिनांची आहेत, अमेरिकन एनईएस ७२ ची. शिवाय कॉपी मशीनवर ती पूर्ण चालेलच याची खात्री नसते.

आणि पीएस २?

तुम्ही २००० नंतरचे असाल तर तुमच्या खोक्यात प्लेस्टेशन २ निघेल. ४ मार्च २००० ला जपानमध्ये आलेलं हे मशीन जगभरात १५.५ कोटींहून जास्त विकलं गेलं. २००९ मध्ये हैदराबादला बनलेला 'हनुमान: बॉय वॉरियर' हा गेमही याच मशीनसाठी होता.

त्या काळी लॅमिंग्टन रोडवर पीएस २ नेला की 'चिप टाकून देऊ का?' हा प्रश्न ठरलेला. त्या मॉडचिपसाठी बोर्डवर बारीक वायरी सोल्डर कराव्या लागतात आणि एक वायर चुकली तर मशीन जातं. आज त्याची गरज फारशी उरलेली नाही. फ्री एमसी बूट हा प्रोग्रॅम मेमरी कार्डवर टाकला तर मशीन न उघडता काम होतं. शेवटच्या काही स्लिम मॉडेलवर मात्र तो चालत नाही. जाड मॉडेलला मागे नेटवर्क अ‍ॅडॅप्टर लावून हार्ड डिस्कही बसवता येते, म्हणजे झिजलेल्या लेन्सवरचा भार जातो. घड्याळ सारखं चुकत असेल तर आतला सीआर २०३२ सेल संपलाय.

एक सावधानता: जाड पीएस २ मध्ये थेट २३० व्होल्ट आत येतात. प्लग काढल्याशिवाय उघडू नका. काढल्यावरही पॉवर सप्लायला बोट लावू नका.

हे कायदेशीर आहे का?

स्वतःच्या मशीनचा कपॅसिटर बदलणं, एव्ही पिन लावणं यात काहीच गैर नाही. प्रश्न येतो तो लॉक तोडण्याचा आणि गेमच्या कॉपीचा.

कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५ अ आलं. हक्कांचं उल्लंघन करण्याच्या उद्देशाने संरक्षणाचं लॉक तोडलं, तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. यात 'उद्देश' हा शब्द महत्त्वाचा आहे. दुसरीकडे कलम ५२ नुसार, कायदेशीररीत्या विकत घेतलेल्या कॉम्प्युटर प्रोग्रॅमची प्रत खराब होऊ नये म्हणून बॅकअप करायला मुभा आहे. पण हजार गेम भरलेली हार्ड डिस्क विकणं हा बॅकअप होत नाही, ती सरळ पायरसी आहे.

दुकानात काय विचारायचं?

ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला जा किंवा विरारमध्येच कुणी टीव्ही रिपेअरवाले काका शोधा. जुनी सोल्डरिंग जाणणारे कारागीर बऱ्याचदा हेच असतात. देण्याआधी तीन गोष्टी बोला.

"काका, बॉडी कापावी लागेल का?" कापावी लागत असेल तर दुसरा मार्ग विचारा. एव्ही पिन अनेकदा जुन्या अँटेनाच्या भोकातूनच काढता येते.

"काढलेले पार्ट परत द्याल ना?" उद्या मूळ स्थितीत आणायचं झालं तर ते लागतील.

"उघडल्यावर आधी फोटो काढाल का?" कुठली वायर कुठे होती, हे नंतर कुणालाच आठवत नाही.

पीएस २ चं मेमरी कार्ड मात्र दुकानात देऊ नका. त्यावर दादाचा अर्धवट राहिलेला गेम असेल. मशीन दुसरं मिळेल, ती फाइल दुसरी मिळणार नाही.

आणि एवढं करूनही चालू झालं नाही तर? रिमोट, कॅसेट, वायरी वेगळ्या काढून ठेवा. दुसऱ्या कुणाच्या मशीनला त्या जीवदान देऊ शकतात. उरलेला बोर्ड ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या, कारण जुन्या सोल्डरमध्ये शिसं असतं.

पण त्याआधी एकदा पट्ट्या पुसून बघा. फुंकर न मारता.