त्यांचा परदेश, आपलं शहर

औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, उस्मानपुऱ्यातल्या पाट्या वाचत चाललं की या भागाचा धंदा लगेच कळतो. क्लास, कॉट बेसिसवर खोल्या, खानावळ, झेरॉक्स. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० मध्ये सुरू झालं, तंत्रनिकेतन इथंच, देवगिरी महाविद्यालय हाकेच्या अंतरावर. जालना, बीड, परभणीकडची मुलं इथं राहून शिकतात आणि त्यातली काही जर्मनी, कॅनडाचे बेत आखतात. गंमत अशी, की ज्या शहरातून निघायची या पोरांना घाई, तिथंच दुसऱ्या देशांतली मुलं परदेशी शिकायला म्हणून येतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात येमेन, इराक, सुदान अशा देशांतले विद्यार्थी वर्षानुवर्षं पदव्युत्तर शिक्षण आणि पीएच.डी. करत आले आहेत.

का येतात? युरोपच्या मानानं फी आणि राहणं स्वस्त, शिकवणं इंग्रजीतून, आणि काहींना भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेची शिष्यवृत्ती. बाकीचे घरच्या पैशावर.

आल्या आल्या अभ्यास सुरू होत नाही, कागद सुरू होतात. १८० दिवसांहून जास्त मुदतीच्या विद्यार्थी व्हिसावर आलेल्यानं चौदा दिवसांच्या आत विदेशी नागरिक म्हणून नोंदणी करायची. ज्याच्याकडे राहायचं त्या घरमालकानंही आपल्या भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यायची. साहजिकच काही मालक ही कटकटच नको म्हणतात आणि खोली मिळायला वेळ लागतो. मुदत संपत आली की पुन्हा तेच. प्रबंध लांबला तर व्हिसाही लांबवावा लागतो.

मग शहराची सवय. इथल्या कित्येक वस्त्यांत नळाला दिवसचे दिवस पाणी येत नाही. टँकर आणि जार हा महिन्याच्या खर्चातला ठरलेला आकडा. विद्यापीठ शहराच्या दुसऱ्या टोकाला, डोंगराच्या पायथ्याशी. त्यामुळे उस्मानपुऱ्यात खोली घेणाऱ्याला रिक्षात दाटीवाटीनं बसायला शिकावंच लागतं. जेवणाचं मात्र इथं त्यातल्या त्यात सोपं: नान-खलिया मिळणारं हे शहर मांसाहारी पाहुण्याला उपाशी ठेवत नाही, आणि रमजानच्या संध्याकाळी शहागंज, सिटी चौक भागात घरच्यासारखं वाटावं इतकी गर्दी असते. बाजारातली दखनी उर्दूही अरबी बोलणाऱ्याच्या कानाला मराठीच्या आधी ओळखीची होते.

येमेनच्या मुलांची गोष्ट वेगळीच. २०१४ मध्ये राजधानी साना बंडखोरांच्या ताब्यात गेली आणि पुढच्या वर्षी युद्ध भडकलं. ऑगस्ट २०१६ पासून सानाचा विमानतळ प्रवासी विमानांना बंद झाला, तो २०२२ च्या मे महिन्यापर्यंत. त्या काळात सुट्टीत घरी जाणं म्हणजे एडनला उतरून आघाड्या ओलांडत रस्त्यानं प्रवास. तेच एडन, ज्याचा कारभार १८३९ पासून १९३२ पर्यंत मुंबईहून चाले! तेव्हाचं अंतर आजच्यापेक्षा कमी होतं म्हणायचं.

अशा मुलांनी शहर पाहायचं ठरवलं, तर एक ओळखीचा माणूस भेटतो. १६१० मध्ये खडकी हे गाव वसवून या शहराचा पाया घालणारा मलिक अंबर इथिओपियातला. पीटर व्हॅन डेन ब्रोके या डच व्यापाऱ्यानं लिहून ठेवल्याप्रमाणे गुलाम म्हणून त्याची विक्री झाली ती मोखा बंदरात, म्हणजे आजच्या येमेनमध्ये. तो पुढे निजामशाहीचा वजीर झाला. डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नळांतून शहरात आणणारी नहर त्याचीच, आणि त्याची कबर खुलताबादला आहे. पाणचक्कीजवळचा दर्गा बाबा शाह मुसाफिर यांचा. तेही बुखाराच्या बाजूचे. नहरींच्या पाण्यावर फिरणाऱ्या त्या चक्कीत यात्रेकरूंसाठी आणि शिष्यांसाठी दळण होई. परक्याला सामावून घेण्याची सवय या शहराला जुनीच, फक्त पर्यटनाच्या पुस्तिकांत ती क्वचित सांगितली जाते.

अर्थात तिकीट खिडकीवर परकेपणा दिसतोच. वेरूळ-अजिंठ्याला भारतीयांना ४० रुपये, विदेशी पर्यटकांना ६०० असा २०१८ चा दर. सार्क आणि बिमस्टेक देशांच्या नागरिकांना मात्र भारतीय दरच लागतो, म्हणजे नेपाळी पर्यटक ४० रुपयांत आत. बिबी का मकबरा आणि दौलताबादचा किल्ला त्या मानानं स्वस्त: भारतीयांना २५, विदेशींना ३००. महिन्याचा हिशेब जुळवणाऱ्याला विदेशी दरानं चार ठिकाणी जायचं म्हटलं तर १८०० रुपये. विद्यापीठामागच्या डोंगरातली औरंगाबाद लेणी मात्र अगदी शेजारी, आणि गर्दीही कमी.

सुट्टीचा वार पाहूनच निघावं. वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी. अजिंठ्याला, सुमारे शंभर किलोमीटरवर, एसटीनं गेलं तर फर्दापूरच्या फाट्यावर उतरून पुढचे चार किलोमीटर दुसऱ्या बसनं जावं लागतं. खाजगी गाड्याही तिथंच थांबवतात. सकाळची पहिली एसटी पकडली नाही तर लेणी निवांत पाहून संध्याकाळच्या आत परतणं अवघड.