मूल घरीच राहावे म्हणून
बालसंगोपन योजना आणि मंडळीचे काम

जून महिना जवळ आला की आपल्या कार्यालयात एक विनंती हमखास येते. कधी पाळकसाहेबांच्या चिठ्ठीतून, कधी मंडळीतील एखाद्या वडीलधाऱ्याच्या फोनवरून. घरचा कर्ता गेला, आई एकटी आहे, दोन लेकरे आहेत, तरी संस्थेत कुठे जागा होते का बघा. विनंती करणाऱ्याच्या मनात दयाच असते, याविषयी शंका नाही. पण या विनंतीला आम्ही पूर्वीसारखे उत्तर देत नाही आणि त्यामुळे काही जण नाराज होतात. मिशनचे मन आता पूर्वीसारखे मोठे राहिले नाही, असेही कानावर येते. म्हणून कायदा काय सांगतो आणि शासनाची मदत नेमकी कशी मिळते, हे एकदा सविस्तर लिहावेसे वाटले.

आपल्या मिशनकार्याला अनाथ मुलांच्या सेवेची फार जुनी परंपरा आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपाशी मुली व स्त्रियांना आणून केडगावला आसरा दिला. त्या मुलींपैकी अनेकींना परत जायला घरच उरले नव्हते. आज आपल्या पाड्यांवरून जी मुले संस्थेत पाठवा म्हणून सांगितले जाते, त्यांची स्थिती बहुधा वेगळी असते. त्यांना आई असते, आजी असते, काका असतो. घरात माया असते, पैसा नसतो. आणि केवळ पैसा नाही म्हणून मूल घरापासून तोडायचे का, हा खरा प्रश्न आहे.

कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ हा १५ जानेवारी २०१६ पासून लागू झाला. त्याच्या तिसऱ्या कलमात जी तत्त्वे दिली आहेत त्यांत मुलाच्या संगोपनाची पहिली जबाबदारी कुटुंबाची मानली आहे, आणि मुलाला संस्थेत ठेवणे हा अगदी शेवटचा उपाय म्हटला आहे. १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती या कायद्याने बालक आहे. ज्या बालकाला काळजी व संरक्षणाची गरज आहे, त्याने कुठे राहावे हे ठरवण्याचा अधिकार जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीला आहे. एक अध्यक्ष आणि चार सदस्य अशी ही समिती असते, त्यांत किमान एक महिला असावीच लागते, आणि समितीला प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत. म्हणजे पाळकांची चिठ्ठी, सरपंचांचे पत्र किंवा आईचा अंगठा, यांवर कुणालाही असे मूल परस्पर दाखल करून घेता येत नाही. समितीचा आदेश लागतो.

आता मदतीकडे वळू. महाराष्ट्र शासनाची बालसंगोपन योजना बरीच वर्षे चालू आहे. आज तिचे नाव क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना असे आहे. आई किंवा वडील किंवा दोघेही वारलेले, आईवडील विभक्त झालेले, कुणी तुरुंगात असलेले, कुणाला दुर्धर आजार असलेला, अशा घरातील बालकाला संस्थेत न पाठवता घरीच किंवा नातेवाइकांकडे वाढवता यावे म्हणून ती आहे. २०२३ पासून तिची रक्कम दर बालकामागे दरमहा २,२५० रुपये झाली. त्याआधी ती १,१०० रुपये होती. पैसे बँक खात्यात जमा होतात.

दुसरी सोय केंद्राच्या मिशन वात्सल्यची. तिच्यात ६० टक्के वाटा केंद्राचा आणि ४० टक्के राज्याचा. २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे प्रायोजकत्व म्हणून बालकाला दरमहा ४,००० रुपये मिळू शकतात. ग्रामीण भागात कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ७२,००० रुपयांच्या आत असावे लागते. विधवा, घटस्फोटित वा टाकलेल्या आईची मुले, नातेवाइकांकडे राहणारी अनाथ मुले आणि ज्यांचे आईवडील आजाराने वा अपंगत्वाने कमावू शकत नाहीत अशी मुले यात बसतात. एक गोष्ट मुद्दाम सांगते. त्याच सूचनांत संस्थेत राहणाऱ्या बालकाच्या देखभालीसाठी दरमहा ३,००० रुपये धरले आहेत. संस्थेला इमारत आणि कर्मचाऱ्यांचा खर्च वेगळा असतो हे खरे, पण घरी राहणाऱ्या मुलाला शासनाने जास्त रक्कम ठेवली आहे. यातून धोरणाचा कल कळतो.

वाचताना हे सोपे वाटते. पाड्यावर ते सोपे नाही, आणि मुले बोर्डिंगकडे ढकलली जातात ती येथेच.

अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षात द्यायचा. सोबत मुलाचे व पालकाचे आधार कार्ड, शिधापत्रिका, शाळेचा बोनाफाईड दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, बँकेचे पासबुक, फोटो आणि वारलेल्या पालकाचा मृत्यू दाखला. यानंतर गृहचौकशी होते, म्हणजे सामाजिक कार्यकर्ता घरी येऊन परिस्थिती पाहतो व अहवाल देतो. मग बाल कल्याण समितीपुढे मुलाला घेऊन जायचे, आणि समिती आदेश देते. धडगाव किंवा अक्कलकुवा तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावरून नंदुरबारला जाऊन येणे म्हणजे पूर्ण दिवस आणि त्या दिवसाची मजुरी गेली. साहेब भेटले नाहीत तर दुसरी फेरी.

पण सर्वात जास्त अर्ज अडतात ते मृत्यू दाखल्यापाशी. दिवाळीनंतर आपले लोक ऊसतोडीला, वीटभट्टीला, कुणी गुजरातेत मजुरीला जातात. माणूस तिकडे वारतो. जन्म-मृत्यूची नोंद ज्या ठिकाणी घटना घडली तिथेच होते, गावच्या ग्रामसेवकाकडे नाही. ही एवढी गोष्ट कुणी सांगत नाही. बाई गावच्या ग्रामपंचायतीत खेटे घालते आणि तिला नोंद नाही एवढेच ऐकावे लागते. २१ दिवसांच्या आत नोंद करायला पैसे पडत नाहीत; पुढे विलंब शुल्क लागते; वर्ष उलटले तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय नोंदच होत नाही. एका आजीच्या बाबतीत असेच घडले. मुलगा उसाच्या फडावर वारला, सून दुसरीकडे गेली, दोन नातवंडे आजीपाशी. "ताई, तो मेला हे सगळ्या गावाला ठाऊक आहे, मग कागद कशाला?" असे तिने विचारले. तिला पटेल असे उत्तर माझ्यापाशी नव्हते. मुकादमाला गाठून, ज्या दवाखान्यात त्याला नेले होते तिथला कागद मिळवून दाखला निघायला बरेच महिने लागले. तेवढ्या काळात ती मुले सहज कुठल्या तरी संस्थेत गेली असती.

म्हणून मंडळीला माझी विनंती आहे की दफनाच्या दिवशीच हा विषय काढावा. दुःखाच्या घरी कागदाचे बोलणे बरे दिसत नाही, हे मला समजते. पण माती झाल्यावर आठवडाभराने कुणी तरी जाणत्याने त्या घरी बसून नोंद झाली का हे विचारले, तर त्या मुलांची पुढची काही वर्षे वाचतात. नवरा वारलेला नसून सोडून गेला असेल तर अडचण निराळी असते. आपल्याकडची बहुतेक लग्ने कागदावर नसतात, तेव्हा घटस्फोटाचा कागद कुठून येणार? अशा वेळी गृहचौकशी अहवालाला फार महत्त्व येते. चौकशीला आलेल्या माणसापुढे शेजाऱ्यांनी आणि अंगणवाडी सेविकेने खरे ते मोकळेपणाने सांगावे.

मंजुरी मिळाल्यावरही काम संपत नाही. पैसे दरमहा वेळेवर पडतातच असे नाही, कधी कित्येक महिन्यांचे एकदम पडतात. दरवर्षी नूतनीकरण करावे लागते, ते राहिले की योजना बंद पडते आणि बाईला वाटते की सरकारने पैसे खाल्ले. आधार बँक खात्याला जोडलेले नसेल तरीही रक्कम अडकते.

आपल्या बोर्डिंगांविषयीही स्पष्ट लिहायला हवे. काळजी व संरक्षणाची गरज असलेली मुले ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेला, ती शासनाचे अनुदान घेत असो वा नसो, या कायद्याच्या ४१ व्या कलमाखाली नोंदणी करावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली अशा सर्व संस्थांची नोंदणी त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत पूर्ण करण्याचे निर्देश दिले होते. नोंदणी नसलेली संस्था चालवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान १ लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. आपण देवाचे काम करतो म्हणून आपल्याला नियम लागू नाहीत, असा सूर काही ठिकाणी ऐकू येतो. तो मला मान्य नाही. मूल कुठे आहे, कुणाच्या ताब्यात आहे, हे समितीला ठाऊक असणे ही त्या मुलाची सुरक्षा आहे. बाहेरगावचा कुणी चांगला माणूस येऊन शिक्षणासाठी मुली घेऊन जातो म्हणाला, तर सर्वांत आधी त्याच्या संस्थेची नोंदणी आणि समितीचा आदेश विचारावा.

संस्थेची गरजच नाही असे मात्र म्हणायचे नाही. घरात मारहाण आहे, अत्याचार आहे, सांभाळणारे कुणीच उरले नाही, अशा मुलाला सुरक्षित जागा लागते. असे निराधार मूल कुणालाही आढळले तर २४ तासांच्या आत कळवणे कायद्याने बंधनकारक आहे. १०९८ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य फोन करता येतो. पोलीस, जिल्हा बाल संरक्षण कक्ष किंवा समिती यांनाही कळवता येते. मूल आधी आपल्या घरी ठेवून घ्यायचे आणि सवडीने कळवायचे, हे चालत नाही.

पवित्र शास्त्रात अनाथ आणि विधवा यांचा उल्लेख बहुतेक ठिकाणी जोडीने येतो. मोशेच्या नियमशास्त्राने शेतात विसरलेली पेंढी त्यांच्यासाठी राहू द्यायला सांगितली. ती भीक नव्हती, त्यांचा हक्क होता, आणि तो त्यांना आपल्याच गावच्या शेतात मिळायचा. रूथने कणसे वेचली ती नामीला सोडून नाही, तिच्याबरोबर राहून. देणगीदारांनाही मी हेच सांगते. तुमचे पैसे केवळ बोर्डिंगच्या ताटाला लागावेत असे नाही. नंदुरबारच्या दोन फेऱ्यांचे एसटी भाडे, दाखल्यांचा खर्च, आणि शासनाचा पहिला हप्ता येईपर्यंतचे चार-सहा महिने घरी धान्य, एवढ्यावर एक मूल आईपाशी राहू शकते.

पुढील त्रैमासिक सभेपूर्वी प्रत्येक मंडळीने आपल्या गावातील व पाड्यांवरील एक किंवा दोन्ही पालक नसलेल्या मुलांची यादी करावी, मग ती कुटुंबे मंडळीची असोत वा नसोत. यादीत मुलाचे वय, शाळा, सध्या कुणापाशी राहते आणि मृत्यू दाखला आहे की नाही, एवढे लिहावे. दाखला नसेल तर माणूस कोणत्या गावी, कोणत्या महिन्यात वारला आणि त्याच्याबरोबर कामाला कोण होते, हेही लिहून ठेवावे. यादी भिंतीवर लावू नये, उपासनेत वाचू नये. बंद पाकिटात कार्यालयात द्यावी.